वाहत्या रक्तात पाहावे : गोठवणारी प्रथिने रक्तवाहिनीच्या भिंतीला कशी धरतात, हे प्रयोगशाळेत कसे तपासावे

रक्तवाहिनीला इजा झाली की काही सेकंदांतच प्लेटलेट, म्हणजे गाठ बनवायला मदत करणारे रक्तातले चिमुकले पेशीखंड, त्या जागी थांबू लागतात. त्या थांबतात त्या भिंतीला त्यांच्याआधी पोहोचलेल्या प्रथिनांमुळे. ही प्रथिने कोणती आणि त्यांची पकड कशी असते, याची उत्तरे पाठ्यपुस्तकात एका आकृतीत मिळतात. आकृतीत मात्र रक्त थांबलेले असते, आणि या विषयात सर्वांत मोठी दिशाभूल तिथेच होते. काचपट्टीवर फायब्रिनोजेनचा, म्हणजे गाठीचे धागे ज्यापासून बनतात त्या रक्तातल्या प्रथिनाचा, थर देऊन त्यावर रक्ताचा थेंब स्थिर ठेवला, तर प्लेटलेट त्याला उत्तम चिकटतात. तेच रक्त लहान धमनीतल्या वेगाने त्याच थरावरून वाहवले, तर काच जवळजवळ रिकामी राहते. त्याच वेगात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाचा थर असेल, तर प्लेटलेट पहिल्या काही सेकंदांतच त्याला धरतात. म्हणून ज्याला ही पकड खरोखर समजून घ्यायची आहे, त्याने ती वाहत्या रक्तातच पाहिली पाहिजे. त्यासाठी प्रदीप्ती सूक्ष्मदर्शक, सिरिंज पंप आणि एक छोटा प्रवाह-कक्ष एवढी सामग्री पुरेशी असते. हा मार्गदर्शक जीवशास्त्र, वैद्यक किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि प्रयोगशाळेत प्रथमच असा प्रयोग मांडणाऱ्या वाचकांसाठी आहे.

भिंतीचे थर आणि त्यांची प्रथिने

प्रयोगाच्या थरासाठी प्रथिन निवडण्यापूर्वी खऱ्या भिंतीत कुठे काय असते, हे नीट ध्यानात घ्यावे. सर्वांत आतला थर एन्डोथेलियमच्या पेशींचा असतो, आणि निरोगी अवस्थेत त्याचे काम चिकटू न देण्याचे असते. या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना शांत ठेवतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे हेपरान सल्फेट गोठणे रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनला जवळ धरते, आणि थ्रॉम्बोमॉड्युलिन थ्रॉम्बिनला, म्हणजे फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवणाऱ्या विकराला, पकडून त्याचे काम उलट दिशेला वळवते, म्हणजे जे प्रथिन गाठ बनवायला निघाले होते तेच प्रथिन-सी जागे करून गाठ आवरू लागते. भिंतीला ‘चिकटणे’ म्हणजे नेहमी गोठण्याची सुरुवात असे नसते, ही गोष्ट इथेच मनात पक्की करावी.

त्याखाली आधारपटल असते. त्यात चौथ्या प्रकारचे कोलॅजेन आणि लॅमिनिन असते. आणखी खोलवर पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे तंतू असतात. गोठण्याची सुरुवात करून देणारा ऊतक घटक, म्हणजेच टिश्यू फॅक्टर, मुख्यतः वाहिनीच्या बाहेरच्या आवरणात आणि स्नायूपेशींभोवती असतो, आणि धडधाकट वाहिनीत तो रक्ताला भेटतच नाही. इजा किती खोल गेली आहे यावर कोणती प्रथिने उघडी पडतील हे ठरते. आपण काचेवर जो थर देतो, तो एका विशिष्ट खोलीच्या जखमेची नक्कल असतो. नुसते कोलॅजेन लावले, तर आपण टिश्यू फॅक्टर नसलेली जखम पाहत आहोत, हे नोंदवहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

आता मुख्य प्रथिनाकडे यावे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकाराचे वर्णन १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. या प्रथिनाचा एक परिपक्व घटक २०५० अमिनो आम्लांचा असतो, आणि असे अनेक घटक टोकाला टोक जोडून लांबच लांब साखळ्या बनतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या साखळ्यांचे रेणुभार २०,००० किलोडाल्टनपर्यंत जाते. एन्डोथेलियमच्या पेशी हे प्रथिन वायबेल-पलाडे पिंडांत साठवून ठेवतात. हे पिंड १९६४ मध्ये एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दाखवले. प्लेटलेटच्या कणिकांतही त्याचा साठा असतो. रक्तद्रवात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला साधारण १० मायक्रोग्रॅम असते.

साखळीतल्या प्रत्येक घटकावर वेगवेगळ्या कामांचे भाग असतात, आणि प्रयोगाचा अर्थ लावताना त्यांची आठवण पदोपदी लागते. ए-३ हा भाग पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनला धरतो. ए-१ हा भाग प्लेटलेटवरच्या ग्लायकोप्रोटीन वन-बीला धरतो. या दोहोंच्या मध्ये ए-२ असतो, आणि तिथे अ‍ॅडॅमटीएस-१३ हे विकर साखळी कापते. टोकाकडच्या एका भागावर प्लेटलेटवरचेच ग्लायकोप्रोटीन टूबी-थ्रीए बसते, आणि सुरुवातीच्या भागावर गोठण्याचा आठवा घटक प्रवासी म्हणून बसलेला असतो. रक्तात शांतपणे फिरताना साखळी गुंडाळलेली असते आणि ए-१ झाकलेला असतो, म्हणून रक्तातल्या प्लेटलेट आणि हे प्रथिन शेजारीशेजारी वाहत असूनही एकमेकांना धरत नाहीत. साखळीची एक बाजू कोलॅजेनला अडकली आणि उरलेला भाग प्रवाहाने ताणला गेला, की ती उलगडते. पूर्ण ताणलेली मोठी साखळी एक मायक्रोमीटरहूनही लांब भरते, आणि तिच्यावरचे अनेक ए-१ एकाच वेळी उघडे पडतात. मला या साऱ्या विषयातला हाच टप्पा सर्वांत सुंदर वाटतो : जो प्रवाह प्लेटलेटना वाहून नेऊ पाहतो, तोच त्यांना थांबवणारा हात उघडतो.

प्रवाहाचा हिशेब

भिंतीला लागून रक्ताचा वेग शून्य असतो आणि मध्याकडे तो वाढत जातो. भिंतीजवळ हा वेग किती झपाट्याने वाढतो, त्या मापाला शिअर रेट म्हणतात आणि तो ‘प्रति सेकंद’ या एककात लिहितात. शिरांमध्ये तो साधारण २० ते २०० असतो, मोठ्या धमन्यांमध्ये ३०० ते ८००, लहान धमनिकांमध्ये ५०० ते १६००च्या आसपास, आणि आतून अरुंद झालेल्या धमनीत १०,००० किंवा त्याहून अधिक. प्रयोगाला सुरुवात करण्यापूर्वी यांपैकी कोणती वाहिनी आपण उभी करत आहोत, हे ठरवून मगच पंपाला हात लावावा.

सपाट, आयताकृती कक्षासाठी हिशेब सोपा आहे. प्रवाहाला ६ने गुणावे, आणि त्याला कक्षाची रुंदी गुणिले उंची गुणिले उंची याने भागावे. समजा कक्ष १ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर उंच आहे आणि आपल्याला प्रति सेकंद १५०० हवे आहेत. तर पंपाचा वेग मिनिटाला ०.१५ मिलिलिटर ठेवावा लागतो. त्याच कक्षात शिरेसारखे प्रति सेकंद १०० हवे असतील, तर मिनिटाला ०.०१ मिलिलिटर, म्हणजे १० मायक्रोलिटर पुरतात. पाच मिनिटांच्या धमनीसदृश प्रयोगाला पाऊण मिलिलिटर रक्त लागते. नळ्यांमध्ये अडकून राहणारे रक्त त्यात वेगळे मिळवावे.

सूत्रात उंचीचा वर्ग आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे. कक्षाची उंची सांगितल्यापेक्षा १० टक्के कमी भरली, तर शिअर रेट जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो. गॅसकेट जास्त आवळून बसवली की हीच चूक होते, आणि दोन दिवसांचे निकाल जुळेनासे झाले की माणूस रक्तदात्याला किंवा रसायनांना दोष देत बसतो. म्हणून कक्ष बसवल्यावर सूक्ष्मदर्शकाची नाभी आधी तळाच्या आणि मग वरच्या पृष्ठभागावर आणून प्रत्यक्ष उंची मोजावी, आणि मधल्या द्रवामुळे या वाचनात येणारा अपवर्तनाचा फरक विसरू नये. कडेच्या भिंतींजवळ हे सूत्र लागू पडत नाही, तेव्हा चित्रे नेहमी मधल्या पट्ट्यातूनच घ्यावीत.

पृष्ठभाग तयार करणे

पहिल्या प्रयोगासाठी तंतुमय स्वरूपातले पहिल्या प्रकारचे कोलॅजेन निवडावे. कोलॅजेन आम्लात विरघळलेल्या स्वरूपातही मिळते, पण तंतू बनलेले नसतील तर प्लेटलेटवरचे ग्लायकोप्रोटीन सिक्स त्याला नीट ओळखत नाही आणि निकाल फिका येतो. दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात, निर्मात्याने सोबत दिलेल्या सौम्य आम्लधर्मी द्रावणातच ते पातळ करावे; त्याऐवजी फॉस्फेट बफर घातला, तर तंतूंचे गुठळे होऊन थर विरळ आणि ओबडधोबड बसतो. स्वच्छ धुतलेल्या काचेवर तासभर ते ओलसर बंद डबीत राहू द्यावे, मग हलक्या हाताने बफरने धुवावे. धुतल्यानंतर थर एक क्षणही कोरडा पडू देऊ नये.

यानंतरचे पाऊल नवखे लोक हमखास गाळतात. कोलॅजेन न बसलेली उघडी काच तशीच सोडली, तर रक्तातले फायब्रिनोजेन आणि इतर प्रथिने सरळ तिलाच चिकटतात, आणि मग आपण वाहिनीची भिंत पाहतो आहोत की काच, हे सांगता येत नाही. म्हणून बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या १ टक्का द्रावणात अर्धा तास पृष्ठभाग झाकून घ्यावा. त्याच वेळी नुसत्या अल्ब्युमिनची एक पट्टी वेगळी तयार करावी. तिच्यावर काहीही चिकटता कामा नये. ती पट्टी स्वच्छ राहिली नाही, तर त्या दिवसाचे बाकीचे निकाल लिहून ठेवावेत, पण त्यांवर विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या फेरीसाठी आणखी दोन थर करून ठेवणे उपयोगी ठरते : एक शुद्ध व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचा आणि एक फायब्रिनोजेनचा. १९९६ मध्ये सॅव्हेज, साल्दिवार आणि रुग्गेरी यांनी नेमके हेच दोन पृष्ठभाग शेजारी ठेवून दाखवले, की फायब्रिनोजेनवर प्लेटलेट थेट थांबतात, पण फक्त मंद प्रवाहात. व्हॉन विलेब्रँड फॅक्टरवर त्या आधी हळूहळू सरकतात आणि वेगवान प्रवाहातही सुटून जात नाहीत. ही तुलना स्वतःच्या डोळ्यांनी एकदा तरी पाहावी.

रक्त घेणे आणि जपणे

मानवी रक्तावर काम करण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि दात्याची लेखी संमती घ्यावी. हातमोजे, चष्मा आणि हेपॅटायटिस-बीची लस याबाबत तडजोड करू नये. दात्याने गेल्या १० दिवसांत अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक घेतलेले नसावे, कारण अ‍ॅस्पिरिनचा परिणाम प्लेटलेटच्या साऱ्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो. दात्याला काही वेळ शांत बसवावे. धावपळ आणि ताण यांनी रक्तातला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर चटकन वाढतो. रक्त जाड सुईने, साधारण २१ गेजच्या, सावकाश ओढावे आणि पहिले दोन-तीन मिलिलिटर बाजूला काढावेत, कारण सुई टोचताना सुटलेला टिश्यू फॅक्टर त्यात मिसळलेला असू शकतो.

रक्त गोठू नये म्हणून त्यात काय घालावे, या प्रश्नावर मी मुद्दाम अधिक वेळ थांबतो, कारण आपल्याला पुढे काय दिसणार हे बऱ्याच अंशी इथेच ठरते. सर्वांच्या हाताशी असते ते सायट्रेट, ३.२ टक्के द्रावण, नऊ भाग रक्ताला एक भाग. ते कॅल्शियम बांधून ठेवते, आणि त्यासोबत मॅग्नेशियमही कमी करते. प्लेटलेटवरची जी ग्राहके या धातुआयनांवर अवलंबून असतात, म्हणजे कोलॅजेनला थेट धरणारे अल्फा-टू-बीटा-वन आणि फायब्रिनोजेनला धरणारे टूबी-थ्रीए, ती सायट्रेटमध्ये पूर्ण ताकदीने काम करत नाहीत. कॅल्शियम आणखी घट्ट बांधणारे ईडीटीए तर टूबी-थ्रीएचे दोन भागच सुटे करते. हेपरिन सोयीचे वाटते, पण ते व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच्या ए-१ भागालाच जाऊन बसते, म्हणजे जी पकड पाहायची तिच्याच आड येते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत हेपरिनच्या नळीतले रक्त वापरून मी एक आठवडा पंप, कक्ष आणि कोलॅजेन यांत दोष शोधत घालवला होता. दोष त्या नळीत होता.

या प्रयोगासाठी योग्य निवड म्हणजे हिरुडिन, किंवा थ्रॉम्बिनला थेट रोखणारे तसेच एखादे द्रव्य. हिरुडिन मूळचे जळवेच्या लाळेतले. ते फक्त थ्रॉम्बिनला अडवते आणि कॅल्शियम जसेच्या तसे राहते. त्यामुळे गाठ बनत नाही, पण भिंतीला धरण्याची सारी यंत्रणा शाबूत असते.

घेतलेले रक्त फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने प्लेटलेटचा आकार बदलतो आणि ग्लायकोप्रोटीन वन-बी पृष्ठभागावर गोळा होते. नळी खोलीच्या तापमानाला, धक्के न देता ठेवावी आणि दोन तासांच्या आत प्रयोग उरकावा. रक्तातून तांबड्या पेशी काढून टाकून ‘स्वच्छ’ प्लेटलेटवर प्रयोग करण्याचा मोहही टाळावा. तांबड्या पेशी मध्यातून वाहतात आणि दोन-तीन मायक्रोमीटरच्या छोट्या प्लेटलेटना भिंतीकडे ढकलतात. त्या नसल्या तर भिंतीशी प्लेटलेटची भेटच कमी होते आणि चिकटण एकदम घटते.

प्रत्यक्ष प्रयोग

प्लेटलेट दिसण्यासाठी रक्तात मेपॅक्रिन हा प्रदीप्त रंग १० मायक्रोमोलर प्रमाणात मिसळून दहा मिनिटे ३७ अंश सेल्सियसला ठेवावा. तो पांढऱ्या पेशींतही शिरतो, पण त्या आकाराने मोठ्या असल्याने ओळखता येतात. कक्ष, नळ्या आणि रक्त तिन्ही ३७ अंशांवर आणावीत. प्रथम बफर भरून सगळे बुडबुडे घालवावेत. बुडबुडा कक्षातून एकदा गेला, तर हवा आणि द्रव यांच्या सीमेवर प्रथिने आणि प्लेटलेट ओरबाडली जातात आणि तो पट्टा नंतर कितीही वेळ वाहवला तरी खरा निकाल देत नाही. अशी पट्टी काढून टाकून दुसरी घेणे हाच मार्ग असतो.

पंप कक्षाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळीला जोडून रक्त ओढून घ्यावे. मागून ढकलू नये. ढकलताना रक्त सिरिंजमध्ये बराच वेळ पडून राहते, तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि कक्षात जाणारे रक्त मिनिटामिनिटाला बदलत जाते. ओढण्याच्या पद्धतीत कुठल्याही सैल जोडातून हवा आत येऊ शकते, तेव्हा प्रत्येक जोड आधी तपासावा.

प्रति सेकंद १५०० वर पाच मिनिटे रक्त वाहू द्यावे आणि पहिल्या क्षणापासून दर सेकंदाला किमान एक चित्र घ्यावे. शेवटचे एकच चित्र घेऊन समाधान मानू नये. पहिल्या तीस सेकंदांत जे घडते ते शेवटच्या चित्रात पुसले गेलेले असते, कारण तोवर प्लेटलेटवर प्लेटलेट साचून ढीग झालेले असतात. पाच मिनिटे झाली की पंप न थांबवता, त्याच वेगाने बफर सोडून तीन मिनिटे धुवावे. पंप मध्येच थांबवला तर स्थिर रक्तातल्या प्लेटलेट खाली बसतात आणि त्याही चिकटलेल्या मोजल्या जातात.

जे दिसते त्याचा अर्थ

सुरुवातीच्या चित्रांत काही प्लेटलेट थांबतात, सुटतात, थोडे पुढे जाऊन पुन्हा थांबतात. ही अडखळती चाल म्हणजे ए-१ आणि ग्लायकोप्रोटीन वन-बी यांची पकड : झटकन जुळणारी आणि सेकंदाच्याही आत सुटणारी. एका प्लेटलेटवर वन-बीच्या साधारण २५,००० प्रती असतात, म्हणून एक बंध सुटेपर्यंत पुढचा लागतो आणि प्लेटलेट प्रवाहात निसटून न जाता मंदावते. तेवढ्या वेळात ग्लायकोप्रोटीन सिक्स कोलॅजेनला ओळखते, प्लेटलेट जागी होते, टूबी-थ्रीए उघडते आणि ती कायमची बसते. मग तीच प्लेटलेट पुढच्या व्हॉन विलेब्रँड साखळ्या आणि फायब्रिनोजेन स्वतःवर धरून पुढच्या प्लेटलेटसाठी भिंत बनते.

हे वर्णन पाहून मान डोलावणे सोपे असते, पण प्रत्येक पायरी एकेक अडवून सिद्ध करावी. टिरोफिबानने टूबी-थ्रीए रोखले, तर प्लेटलेटचा एकेरी थर राहतो आणि ढीग होत नाहीत. शुद्ध व्हॉन विलेब्रँड थरावर तर त्या नुसत्या सरकत राहतात. ईडीटीए घातले तरीही सरकणे चालूच राहते, कारण ए-१ आणि वन-बी यांच्या पकडीला कॅल्शियम लागत नाही. त्यामुळे मघाशी नाकारलेले ईडीटीए इथे उत्तम नियंत्रण म्हणून कामी येते. ए-१ला झाकणारे कॅप्लासिझुमॅब मिसळले, तर प्रति सेकंद १५०० वर कोलॅजेनची पट्टी जवळजवळ रिकामी राहते, पण प्रति सेकंद १०० वर बऱ्याच प्लेटलेट तरीही चिकटतात, कारण तिथे कोलॅजेनला थेट धरायला त्यांना वेळ मिळतो. ही शेवटची जोडी माझ्या मते साऱ्या प्रयोगाचा गाभा आहे. एकच रक्त, एकच पृष्ठभाग, एकच औषध, आणि केवळ प्रवाह बदलल्याने उत्तर बदलते.

आजारांतही हेच घडलेले दिसते. वन-बी नसलेल्या बर्नार-सुलिये विकारात प्लेटलेट भिंतीला धरूच शकत नाहीत. १९१८ मध्ये एडुआर्ड ग्लान्झमान यांनी वर्णन केलेल्या विकारात त्या धरतात, पण टूबी-थ्रीए नसल्याने एकमेकींना जोडल्या जात नाहीत. अशा रुग्णाच्या रक्ताचा नमुना तपासायला आला, तर वरच्या अडवणुकीच्या प्रयोगांशी त्याची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

जिवंत पेशींवरच्या साखळ्या

कोलॅजेनवर सराव झाला की नाळेच्या शिरेतून काढलेल्या एन्डोथेलियमच्या पेशी कक्षात वाढवून दुसरा प्रयोग करता येतो. पेशींचा थर सलग हवा. मध्ये फट असेल तर खालचा पृष्ठभागच उत्तर देतो. हिस्टामिनने दहा मिनिटे पेशी चेतवल्या की वायबेल-पलाडे पिंड रिकामे होतात आणि ताज्या, अतिशय लांब साखळ्या एका टोकाने पेशीला धरून प्रवाहात ताणल्या जातात. त्यावरून धुतलेल्या प्लेटलेट सोडल्या तर त्या ओळीने बसतात, आणि मण्यांची माळ प्रवाहाच्या दिशेने लोंबावी तसे दृश्य दिसते. मग त्यात हिरुडिनवरचा ताजा रक्तद्रव सोडावा. अ‍ॅडॅमटीएस-१३ ताणलेल्या साखळीतला उघडा पडलेला ए-२ कापते आणि माळा काही मिनिटांत तुटून वाहून जातात. या विकराला जस्त आणि कॅल्शियम लागते, म्हणून ईडीटीएचा रक्तद्रव वापरला तर माळा तशाच राहतात. थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा या गंभीर आजारात हेच विकर १० टक्क्यांच्याही खाली गेलेले असते आणि न कापलेल्या साखळ्यांवर लहान वाहिन्यांमध्ये प्लेटलेट साचतात.

गोठण्याचे घटक आणि फायब्रिन

आतापर्यंत थ्रॉम्बिन बंद होते. गोठण्याचे घटक पाहायचे असतील तर हिरुडिन चालणार नाही. कोलॅजेनच्या थरात थोडा टिश्यू फॅक्टर मिसळावा, सायट्रेटवरचे रक्त घ्यावे आणि कक्षाच्या अगदी तोंडाशी दुसऱ्या नळीने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम परत द्यावे, जेणेकरून मुक्त कॅल्शियम शरीरातल्या प्रमाणाच्या, म्हणजे लिटरला १.१ ते १.३ मिलिमोलच्या जवळ येईल. आधीच मिसळून ठेवले तर रक्त नळीतच गोठते.

इथे चिकटण्याची तऱ्हा निराळी असते. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक कोलॅजेनच्या तंतूंकडे धावत नाहीत. जाग्या झालेल्या प्लेटलेटच्या पटलावर एरवी आतल्या बाजूला असणारे फॉस्फाटिडिल सेरिन हे मेद बाहेर आले की ते त्यावर बसतात. त्यासाठी त्यांच्या सुरुवातीच्या भागात गॅमा-कार्बॉक्सिग्लुटामिक आम्ल हवे असते, जे १९७४ मध्ये ओळखले गेले आणि जे तयार व्हायला के-जीवनसत्त्व लागते. कॅल्शियमचे आयन या भागाला आकार देतात आणि त्याचे टोक पटलात रुतते. वॉरफरिन घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तात हे घटक बनतात, पण हा भाग अपुरा राहतो, म्हणून ते पटलाला धरू शकत नाहीत. नववा घटक मात्र थोडा वेगळा आहे : तो आधारपटलातल्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनलाही थेट धरतो, आणि रक्तात मोजलेली त्याची पातळी शरीरातला त्याचा सारा साठा दाखवत नाही.

दोन रंग एकत्र वापरावेत. प्रदीप्त अ‍ॅनेक्सिन-फाइव्ह फॉस्फाटिडिल सेरिन उघडी झालेली प्लेटलेट दाखवते, आणि रक्तात मिसळलेले थोडे प्रदीप्त फायब्रिनोजेन फायब्रिनचे धागे. धागे बहुधा अशाच प्लेटलेटच्या भोवतीपासून पसरताना दिसतात. या फेरीत शिअर रेट १००० च्या पुढे नेण्याची घाई करू नये. वेगवान प्रवाहात थ्रॉम्बिन तयार होता होता वाहून जाते आणि धागे उशिरा, विरळ येतात.

मोजणे आणि नोंद

दर पट्टीवर किमान दहा क्षेत्रे, डोळ्याने न निवडता, ठरलेल्या अंतरावर घ्यावीत. त्यांतून प्लेटलेटने व्यापलेल्या क्षेत्राची टक्केवारी काढावी, आणि ढिगांची उंची वेगळी नोंदवावी. या दोन आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत : पहिला भिंतीशी असलेल्या पकडीविषयी बोलतो, दुसरा प्लेटलेटच्या एकमेकींशी असलेल्या पकडीविषयी. एका दात्याच्या तीन पट्ट्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत; तो एकच प्रयोग तीनदा पाहणे आहे. दात्यांची तुलना करताना त्यांचा रक्तगट लिहून ठेवावा, कारण ओ गटाच्या व्यक्तींमध्ये व्हॉन विलेब्रँड फॅक्टर इतरांपेक्षा सरासरीने सुमारे २५ टक्के कमी असतो, आणि प्लेटलेटची संख्या व हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) हे दोन आकडे त्याच दिवशीचे हवेत. काम संपल्यावर कक्ष आणि नळ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणाने निर्जंतुक कराव्यात आणि नंतर पाण्याने भरपूर धुवाव्यात. हायपोक्लोराइटचा अंश नळीत राहिला, तर पुढच्या प्रयोगात पृष्ठभागावरच्या प्रथिनांची नासाडी होते.